उंचवट्यावरची खुर्ची

"डोक्याला मार लागून जो रडतो ना पोरी, त्याची काळजी करू नकोस. जो हसतो, त्याच्यावर लक्ष ठेव. त्याला बोलतं ठेव. आणि तो जांभया द्यायला लागला, तर मग कुणाच्या बापाचं ऐकू नकोस."

मिसेस ब्रांडल हे बोलल्या तेव्हा आर्डिस लग्न करून स्टाइनफेल्डला नुकतीच आली होती. मैदानाच्या फाटकाशी बसून तिकिटं फाडणाऱ्या या बाईंना तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, की आजच्या बेसबॉल सामन्यात पिचिंग करणार आहे तो नॉर्बर्ट होप माझा नवरा. त्यावर अभिनंदन नाही, हवापाण्याच्या गप्पा नाहीत, एकदम हे. आर्डिस कसनुसं हसली आणि आत गेली. कॉलेजात जीवशास्त्र शिकलेल्या मुलीनं म्हाताऱ्या बाईच्या जांभयांचं काय मनावर घ्यायचं? संध्याकाळी जेवताना तिनं नॉर्बर्टला मिसेस ब्रांडलची नक्कल करून दाखवली. तो इतका हसला की टेबलक्लॉथवर कॉफी सांडली.

बाईंची तऱ्हाही तशीच होती. तिकिटाची खुर्ची त्या नेहमी रस्त्याकडे तोंड करून ठेवत. सामना सुरू होई, शेवटचा माणूस आत जाई, तरी खुर्ची वळत नसे. पाठीमागे बॅटवर चेंडू फुटल्यासारखा वाजे, लोक उभे राहून ओरडत, आणि मिसेस ब्रांडल समोरच्या मक्याकडे बघत बसत.

त्याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कारण कसलं, ते डेअरीच्या भिंतीवर दोन मजले उंच रंगवून ठेवलं होतं. पांढऱ्या गणवेशातला एक माणूस हवेत आडवा झालेला, हात होता नव्हता तेवढा लांबवलेला, आणि ग्लोव्हच्या अगदी टोकात अडकलेला चेंडू. तो आलोइस ब्रांडल. गावचा 'तो झेल'. शनिवारी डोर्नच्या बारमध्ये पुरुषमंडळी बिअर घेऊन बसली, की बेसबॉलच्या इतिहासातली सर्वांत थोर खेळी कोणती यावर वाद ठरलेला. कुणी धावता धावता पाठमोरा झेल घेतला, कुणी पिचरच्या डोळ्यांदेखत होम प्लेट चोरली, कुणी कुंपणावरून चेंडू परत ओढला. रेडिओवर ऐकलेलं सगळं, पण सांगणारा असा सांगे की जणू पहिल्या रांगेत बसला होता. आणि अखेर कुणीतरी म्हणेच, "ते सगळं खरं रे, पण आलोइसच्या झेलाचं काय?" मग सगळे ग्लास वर जात. वाद तिथं मिटे.

झेलाच्या पुढचं मात्र कुणी सांगत नसे. चेंडू पकडून आलोइस धान्याच्या कोठाराच्या कुंपणावर डोक्यानं आदळला होता. उठला, हसला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन याच बारमध्ये आणला. तो जांभया द्यायला लागला, तेव्हा दमला असेल म्हणून घरी सोडला. बायकोनंही दमला असेल म्हणून झोपू दिला. सकाळी तो उठलाच नाही. बारमध्ये याचं एवढंच व्हायचं: "पुढे लवकरच गेला बिचारा."

आर्डिसला हे तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. तिला वाईट वाटलं, पण ते जुनं दुःख होतं आणि दुसऱ्याचं होतं.

मग मार्टा झाली आणि आर्डिसला साध्या गोष्टींची भीती वाटायला लागली. ती बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघे. खिडकीची कडी लावून पुन्हा जाऊन बघे. चर्चमध्ये शेजारी कुणी खोकलं, की मुलीला उचलून दुसऱ्या रांगेत जाऊन बसे. गावाला आयता विषय मिळाला. "आमची आर्डिस झोपलेल्या पोरीला हलवून उठवते आणि विचारते, झोप लागली ना गं?" हे खुद्द नॉर्बर्टच डेअरीत सांगत फिरे. तीही हसे. पण त्या हसण्यातून ती एक गोष्ट शिकली होती. भीती वाटली तरी ती लगेच तोंडाबाहेर काढायची नाही, आधी दोनतीनदा गिळून बघायची.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी बर्गनशी सामना होता. जिंकेल तो संघ राज्य स्पर्धेला जाणार होता, आणि आलोइसच्या काळानंतर स्टाइनफेल्ड तिथं गेलं नव्हतं. झाडून सगळं गाव आलं होतं. मेथडिस्ट आले, कॅथलिक आले, एकमेकांशी न बोलणारे भाऊ एकाच फळीवर बसले. आर्डिस मांडीवर मार्टाला घेऊन तिसऱ्या बेसच्या बाजूला बसली होती, शेजारी लव्हिना रेटिग, मॅनेजर ओट्टोची बायको. ऊन असं होतं की फळ्यांमधून डिंक पाझरत होता.

आणि नॉर्बर्ट, डावखुरा म्हणून ज्याला सगळे लेफ्टी म्हणत, त्या दिवशी हातात आलेला चेंडू नुसता नाचवत होता. तीन इनिंग झाल्या, चार झाल्या, बर्गनच्या एकाही गड्याला त्याचा चेंडू धडपणे मारता आला नव्हता. एकही हिट नाही, आणि नऊच्या नऊ इनिंग असंच टिकलं, तर पिचरच्या आयुष्यात एखाद्या वेळीच होते अशी गोष्ट. कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तसं काढायचंच नसतं. पिचर अशा वाटेवर लागला, की त्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की ती मोडते, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याजवळ बसायचं नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही, आईच्या दुधातून येतं. चौथ्या इनिंगनंतर नॉर्बर्ट बाकावर येऊन बसला, तसे बाकीचे एकेक जण सरकत गेले. बाकाच्या एका टोकाला सगळा संघ दाटीवाटीनं, दुसऱ्या टोकाला तो एकटा, वाळीत टाकल्यासारखा. गावात यापेक्षा मोठा मान नव्हता.

पाचव्या इनिंगला बर्गनचा एक गडी पहिल्या बेसवर होता, चार चुकार चेंडूंच्या जिवावर फुकटात पोचलेला. पुढचा बॅटर आला तो खाटकासारखा रुंद. त्यानं बॅट फिरवली आणि चेंडू गोळीसारखा सरळ पिचरच्या उंचवट्यावर आला. नॉर्बर्टनं ग्लोव्ह वर नेला, पण उशीर झाला. उजव्या कानाच्या वर, टोपीच्या कडेला, ओला ओंडका फुटावा तसा आवाज झाला. चेंडू तिथून उसळून तिसऱ्या बेसकडे उंच उडाला. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या, शॉर्टस्टॉपच्या जागेवरून डेल्बर्ट कुंझ, डेअरीचा ट्रक चालवणारा लंबू डेल्बर्ट, पाठमोरा धावला, उडाला आणि जमिनीला टेकण्याआधी तो चेंडू उघड्या हातानं, होय, ग्लोव्ह नसलेल्या हातानं पकडला. पडल्यापडल्याच त्यानं तो पहिल्या बेसकडे फेकला. धावत सुटलेला गडी परत यायच्या आत चेंडू पोचला. एका फटक्यात दोघं बाद.

मग फळ्या हादरायला लागल्या. माणसं माणसांना मिठ्या मारत होती, टोप्या मैदानात पडत होत्या. लव्हिना रडत होती. "आलोइस गेला! आलोइस मागे पडला!" मागून एक म्हातारा ओरडत होता. सगळ्यांचे डोळे डेल्बर्टवर होते.

आर्डिसचे नव्हते. नॉर्बर्ट एका गुडघ्यावर होता. हात जमिनीला टेकलेला, मान खाली. मग तो उठला. टोपी उचलली, झटकली, उलटी घातली, मग सुलटी केली. डेल्बर्टकडे बघून त्यानं ग्लोव्ह उंचावला आणि तोंडभर हसला.

आर्डिसच्या तोंडाशी त्याचं नाव आलं. तिनं ते गिळलं.

पंचांनी जवळ जाऊन काही विचारलं असावं, नॉर्बर्टनं मान हलवली असावी. ओट्टो बाकावरून उठलाच नाही. त्याच्याशी बोलायचं नव्हतं ना. दोन बाद झालेच होते, तिसराही झाला, आणि नॉर्बर्ट येऊन आपल्या टोकाला बसला. आता तर बाक आणखीनच रिकामा झाला. डेल्बर्टच्या पाठीवर थापांचा पाऊस पडत होता, आणि दुसऱ्या टोकाला आर्डिसचा नवरा दोन्ही हात मांड्यांवर ठेवून समोर बघत होता.

सहाव्या इनिंगला तो मैदानात गेला आणि जाताना त्याचा पाय पांढऱ्या रेषेवर पडला. नॉर्बर्ट होपनं शाळेपासून कधी ती रेषा तुडवली नव्हती. डाव्या पायानं तो ती ओलांडायचा, पावसात, चिखलात, ताप असताना. गावानं एकदम श्वास आत ओढला. पण बोलणार कोण? लव्हिनानं छातीवर क्रॉसची खूण केली आणि नजर वळवली.

मग बॅटिंगची पाळी आली तेव्हा तो प्लेटपाशी उभा राहिला आणि तीन चेंडू शेजारून जाऊ दिले. बॅट खांद्यावरून उतरलीच नाही. "हात राखून ठेवतोय," मागून कुणीतरी शहाण्यानं समजावलं. "शहाणा पिचर असाच असतो." सातव्या इनिंगला त्याचे चेंडू इतके संथ यायला लागले, की बर्गनचे गडी आधीच बॅट फिरवून मोकळे व्हायचे आणि चेंडू मागून आरामात पोचायचा. लोक खूश. लेफ्टीनं नवी युक्ती काढली म्हणाले.

आर्डिस ओठ चावत होती. दर इनिंगच्या सुरुवातीला तो तिच्याकडे बघून कानाच्या पाळीला हात लावायचा. लग्नाआधीपासूनची खूण. पाचव्या इनिंगनंतर त्यानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

आणि मग उंचवट्यावर उभ्या उभ्या त्यानं जांभई दिली. जबडा वासून, लांबलचक, लहान मूल देतं तशी. चेंडू टाकला, पुन्हा दिली.

फळ्यांवर खसखस पिकली. "बर्गनवाल्यांनो," कुणीतरी हाक घातली, "आमच्या लेफ्टीला झोप यायला लागली तुमच्यापायी. जरा खेळा तरी." टाळ्या पडल्या. लव्हिनानं आर्डिसच्या गुडघ्यावर थाप मारली. "बघ तुझा नवरा. कसा मुरलेला आहे."

आर्डिस उठली.

लव्हिनानं तिचा झगा धरला. कुजबुजून म्हणाली, वेडी आहेस का, जागा बदलायची नसते, सगळे आपापल्या जागी बसलेत म्हणून चाललंय हे. आर्डिसनं झगा सोडवून घेतला. मार्टाला कडेवर घेतलं आणि पायऱ्या उतरली. आपण पुन्हा तेच करतोय, झोपलेल्याला उठवतोय, उद्या डेअरीत हसतील, हे सगळं तिच्या डोक्यात चालू होतं. ती चालत राहिली.

स्टाइनफेल्डची बॅटिंग सुरू झाली होती. बाकाच्या तोंडाशी ओट्टो रेटिग उभा होता. डेअरीचा मालक तोच, संघाचा मॅनेजर तोच, नॉर्बर्टला पगार देणाराही तोच. त्यानं हात आडवा घातला आणि अगदी हळू, प्रार्थनेत बोलावं तसं म्हणाला, "आर्डिस, त्याच्याशी कुणी बोलत नाही. तुला माहीत आहे."

"म्हणून तर आले मी."

"दोन इनिंग राहिल्यात, बाई. दोनच. मग घरी ने आणि दिवसभर बोलत बस."

ती त्याच्या हाताखालून वाकून गेली. नॉर्बर्ट आपल्या टोकाला बसला होता. तिनं त्याच्यासमोर बसून त्याचा चेहरा वर केला. तोंड घामानं निथळत होतं आणि कातडी मात्र गार होती. तो तिच्याकडे बघून हसला. मग कडेवरच्या मार्टाकडे बघितलं आणि परक्या बाईशी बोलावं तितक्या आदबीनं विचारलं, "गोड आहे हो. कुणाचं बाळ?"

एका डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होती. दुसऱ्या डोळ्याची गुंडीएवढी.

"ओट्टो," आर्डिस म्हणाली, "इकडे येऊन याचे डोळे बघ."

ओट्टो आला नाही. लांबूनच म्हणाला, तो चेष्टा करतोय, लेफ्टी नेहमीचाच चेष्टेखोर आहे, आणि तू कशी आहेस ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. बाकाच्या दुसऱ्या टोकावर पोरं खाली माना घालून बसली होती. त्यांना आर्डिसचा राग नव्हता. ती बोलतेय याची भीती वाटत होती. ते पवित्र मौन मोडतंय आणि वीज आता आपल्यावर पडणार, अशी त्यांची तोंडं होती.

तेव्हा आर्डिसला कळलं, की आपण कशाशी भांडतोय. डोळे, जांभया, जीवशास्त्र, यातलं काही इथं चालणार नव्हतं. ते मौन जोवर शाबूत आहे, तोवर तिचा नवरा त्याच्या आत कोंडलेला राहणार होता.

ती उभी राहिली आणि वळून फळ्यांकडे तोंड केलं. लग्नाआधी शाळेत शिकवताना शेवटच्या रांगेला ऐकू जावा म्हणून काढायची, तो आवाज तिनं काढला.

"नो-हिटर चाललाय," ती म्हणाली. "माझा नवरा नो-हिटर टाकतोय. नो-हिटर. ऐकलंत सगळ्यांनी? मी नाव घेतलं. संपलं तुमचं. आता याला गाडीत घाला."

एखाद्यानं वेदीवर थुंकावं तशी शांतता पसरली. मग हुर्यो सुरू झाली. स्वतःच्या गावाची हुर्यो, स्वतःच्या बाईला. कागदी कप आले. कुणी म्हणालं घालवा तिला, कुणी म्हणालं पोर तरी काढून घ्या तिच्याकडून. आणि या गदारोळात इनिंग संपली, नॉर्बर्ट सवयीनं उठला, ग्लोव्ह घेतला आणि निघाला. ओट्टोनं त्याला जाऊ दिलं.

आर्डिस त्याच्या पुढे धावली. मैदानाच्या मधोमध पोचली आणि पिचरच्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिली. मग तिला वाटलं, उभ्या माणसाला ढकलता येतं. ती मातीतच बसली आणि मार्टाला मांडीत घेतलं.

बर्गनच्या बाकावरून एक जण ओरडला, "स्टाइनफेल्डचा नवा पिचर जरा बुटकाच दिसतोय हो." दोन्हीकडची माणसं हसली. पंच आले, घाम पुसत म्हणाले, मॅडम, तुम्ही उठला नाहीत तर सामना बर्गनला द्यावा लागेल. आर्डिस म्हणाली, द्या. ते ऐकून हसू थांबलं आणि काही माणसं खरोखरच फळ्यांवरून खाली उतरायला लागली.

तेवढ्यात फाटकाचं लोखंड करकरलं.

मिसेस ब्रांडल आत येत होत्या. दोन्ही हातांनी ती तिकिटाची खुर्ची पोटाशी धरली होती. नवरा गेल्यापासून त्या बाईंनी मैदानाकडे तोंड केलं नव्हतं. त्या बेसची रेषा तुडवत आल्या, गवत ओलांडलं, उंचवट्याचा चढ चढताना जरा थांबल्या. आर्डिसच्या शेजारी त्यांनी खुर्ची टेकवली, चारही पाय मातीत नीट रुतवले आणि गावाकडे तोंड करून बसल्या. खाली उतरलेली माणसं जिथल्या तिथं थबकली.

"मी त्याला झोपू दिलं होतं," त्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण ऐकू गेलं. "तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलं, दमलाय. आता खेळा बघू कसे खेळता ते."

आणि मग नॉर्बर्ट, जो उंचवट्याच्या पायथ्याशी येऊन गोंधळून उभा राहिला होता, वाकला आणि गवतावर भडाभडा ओकला. गुडघे दुमडले. पडताना त्यानं हातही पुढे केला नाही.

पहिला पोचला तो डेल्बर्ट. त्यानं नॉर्बर्टला पोत्यासारखा खांद्यावर टाकला आणि पळत सुटला. ओट्टो काही बोलत होता. "बाजूला हो, ओट्टो," डेल्बर्ट म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मालकाला असं एकेरीत सुनावलं असेल. दुधाच्या ट्रकमध्ये नॉर्बर्टचं डोकं आर्डिसच्या मांडीवर होतं आणि मार्टा डेल्बर्टच्या शेजारी सीटवर, त्याच्या ग्लोव्हमध्ये बसवलेली. पुऱ्या वाटेत आर्डिस नॉर्बर्टशी बोलत राहिली. दुधाचा भाव, छपराची गळती, त्याच्या आईचा संधिवात, तोंडाला येईल ते. तो उत्तर देत नव्हता. ती थांबली नाही.

जिल्ह्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून आतलं साचलेलं रक्त काढलं. ते म्हणाले, अजून जरा उशीर झाला असता, तर मला यायची गरज नव्हती, पाद्री पुरला असता.

इकडे मैदानात राखीव पिचर आला आणि त्याच्या दुसऱ्याच चेंडूवर हिट बसली. बर्गन जिंकलं.

नॉर्बर्ट जगला. कानाच्या वर अंगठा बसेल एवढा खळगा राहिला. एखादा शब्द अधूनमधून हरवतो, काट्याला चमचा म्हणतो, डाव्या हातानं बटण लावायला वेळ लागतो. पिचिंग संपलं. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा त्यानं मार्टाला नाव घेऊन हाक मारली आणि आर्डिस खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. बराच वेळ तिला आत येता आलं नाही.

गावानं मात्र माफ केलं नाही. दुकानात बायका बोलायच्या थांबत. डोर्नच्या बारमध्ये हिशोब चाले, की दोनच इनिंग होत्या, लेफ्टी तसाही वाचला असता, तेव्हाच्या तेव्हा नाही तर तासाभरानं नेला असता. लव्हिना तोंडावर म्हणाली, की एवढी घाई कशाला केलीस, आमचं सगळं वर्ष गेलं. आर्डिसनं तिला शांतपणे विचारलं, तुझ्या ओट्टोला असा मार लागला, तर त्याला किती इनिंग थांबवून ठेवशील? त्यानंतर लव्हिना तिच्याशी बोलली नाही. चालेल, असं आर्डिसला वाटलं. न बोलणारी माणसं तिला आता ओळखू यायला लागली होती.

पानगळीच्या सुमारास ओट्टोनं भिंतीची उरलेली अर्धी बाजू रंगवून घेतली. आलोइसच्या शेजारी आता डेल्बर्ट उडत होता, उघडा हात पुढे, चेंडू बोटांत. सुरेख काम होतं. आर्डिस मार्टाला घेऊन खाली उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली. मग ओट्टोकडे गेली आणि विचारलं, हा चेंडू आला कुठून, आकाशातून? नॉर्बर्ट कुठं आहे यात? ओट्टो म्हणाला, चित्रात जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, डेअरीची जेवणाची सुट्टी असताना, आर्डिसनं गोठ्याला लावायचा लाल रंग आणला. शिडी डेल्बर्टनं धरली. डबा मिसेस ब्रांडलनी धरला. गाव रस्त्यापलीकडे उभं राहून बघत होतं. कुणी ओरडलं, खाली उतर, लाज वाटत नाही का. आर्डिस वरूनच म्हणाली, नाही वाटत, आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

तिनं लिहिलेलं ओट्टोनं चुन्यानं पुसून काढलं. तिनं पुन्हा लिहिलं. पाद्रींनी रविवारी दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस या विषयावर प्रवचन दिलं. पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा नॉर्बर्ट स्वतः शिडीपाशी आला आणि डाव्या हातानं, वेडीवाकडी का होईना, शेवटची ओळ त्यानं लिहिली. त्यानंतर चुना आला नाही.

अक्षरं अजून आहेत. लाल, मोठी, थोडी उतरती, दोन्ही उडत्या माणसांच्या पायाखाली:

'आलोइस ब्रांडलनं झेल घेतला, हसला, आणि पहाटेपर्यंत मेला. त्याच्याशी कुणी बोललं नाही. नॉर्बर्ट होपही हसला. त्याच्याशी मी बोलले, म्हणून तो आहे. तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुमचीही कुठं तरी एक फळी आहे, एक बाक आहे. त्याच्या टोकाला कोण एकटं बसलंय? मान द्यायचा म्हणून, त्रास नको म्हणून, ज्याच्याशी आज कुणी बोललेलं नाही? वर बघत राहू नका. आत्ता जा, त्याच्यासमोर बसा, आणि तो बरा आहे का ते विचारून या.'